वाक्य माझंच आहे

१९ ऑगस्ट

स्नेहा,

माझं सगळं बदललं ते पंधरा ऑगस्टला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. पोलीस आले तेव्हा नाही. ते दोन दिवसांनी आले. तू शेलूबाजारच्या जीपमधून उतरलीस, बुद्धविहारासमोरचा फलक वाचलास आणि हसलीस, तेव्हा. वाशीमला कॉलेजात ओठ दाबून हसायचीस तसं नाही. मान मागे टाकून, मोठ्यानं, जीपवाला वळून बघेपर्यंत. मी पानठेल्याच्या आड उभा होतो. तुलाच पाहायला उभा होतो, हे आता कबूल करायला काय जातं? सव्वा वर्ष झालं, तू अमरावतीला पोलीस उपनिरीक्षकाच्या परीक्षेचा अभ्यास करतेस. आणि मी इथं. तू पंधरा ऑगस्टला ललिताआत्याकडे येणार एवढं कानावर आलं आणि आदल्या दिवशी कागदावर चारदा वाक्य बदललं.

माझा फोन माझ्याकडे नाही, म्हणून हे कागदावर. अक्षर बघून नाक मुरडू नकोस. फलकावर वीतभर अक्षर काढायची सवय झालीय, ओळीत मावत नाही.

वाक्य तुला पाठ असेल. तरी लिहितो, कारण आता ते अर्ध्या जिल्ह्यात फिरतंय आणि जो तो वेगळंच सांगतोय. मी लिहिलं होतं ते असं:

"स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. ज्यांच्या नळाला अकरा दिवस पाणी नाही, त्यांनी स्वातंत्र्य कशात भरून ठेवावं?"

बस. एवढंच. भर पावसाळ्यात, धरण भरलेलं असताना, पंपाची मोटार जळून पडलेली आणि ती कोणी बदलत नाही. यावर माणसानं एक प्रश्न विचारू नये?

फलकाचे नियम तुला माहीत आहेत, आपण लहानपणापासून बघतोय. बाबांच्या पिढीनं तो उभा केला तेव्हाच ठरलं होतं: लिहील त्यानं डाव्या कोपऱ्यात आपलं नाव घालायचं, आणि दुसरी सकाळ होईपर्यंत कोणी पुसायचं नाही, लिहिणाऱ्यानंही नाही. मी नाव घातलं होतं. पूर्ण. 'प्रसेनजित ग्यानबा'. आणि उजव्या कोपऱ्यात पिवळ्या ऑइलपेंटमध्ये कायमचं लिहिलेलं आहे: 'रंगकाम: अरसलान आर्ट्स, शेलूबाजार'. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी अरसलान फलक काळा करून देतो आणि कोपऱ्यात आपली जाहिरात ठोकतो. तेवढाच त्याचा मेहनताना. मी कॉलेज सोडल्यापासून त्याच्याच दुकानात पाट्या घासतो, म्हणजे तो कोपरा एका अर्थी माझ्याही दुकानाचा.

तू फोटो काढलास आणि स्टेटसला ठेवलास. मी तो स्टेटस किती वेळा बघितला ते विचारू नकोस. डावा कोपरा त्यात आला नव्हता. घाईत राहिला असेल, म्हटलं.

संध्याकाळपर्यंत तोच फोटो गटागटांतून फिरत होता. उजव्या कोपऱ्याभोवती लाल गोल काढलेला, आणि खाली: 'स्वातंत्र्याची टिंगल करणारा हा अरसलान कोण? ओळखून ठेवा.'

सतरा तारखेला पोलीस दुकानावर आले. अरसलान एका डेअरीच्या पाटीवर म्हैस काढत होता. म्हशीचे तीन पाय झाले होते, चौथा राहिला. त्याला जीपमध्ये बसवलं, त्याचा फोन घेतला, माझा घेतला. मी म्हटलं, "पंचनामा?" हवालदार म्हणाला, "वा रे वकील! चल, बाजूले हो."

मी मोटारसायकलवर त्यांच्या मागं ठाण्यात गेलो. म्हटलं, साहेब, ते मी लिहिलं. माझं वाक्य आहे. तर ते हवालदार काय म्हणाले माहीत आहे? "दोस्तासाठी मरायले आला का बे, हिरो? जाय घरी. जेव."

मला अटक करत नव्हते! स्नेहा, एवढा अपमान माझा तुझ्या वडिलांनीही केला नव्हता.

फोटो कोणी काढला, असं विचारत होते. मी म्हटलं, माहीत नाही. तू घाबरू नकोस. हे पत्र वाचून फाड.

प्रसेनजित


२४ ऑगस्ट

स्नेहा,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं नसेल असं मी धरून चाललोय. शेलूबाजारच्या पेटीत टाकलं होतं. ती पेटी कोणी उघडतं का, देव जाणे. (देव मानत नाही मी, पण पोस्टाच्या बाबतीत काहीतरी मानावंच लागतं.) हे वाशीमहून टाकतोय.

अखेर मला बोलावलं. ठाणेदार साहेबांनी स्वतः. चहा मागवला, खुर्ची दिली. सगळं जसंच्या तसं लिहितो.

"शिक्षण?"

"बीए. दुसऱ्या वर्षाला सोडलं."

"काहून सोडलं?"

मी म्हटलं, मास्तरशी भांडण झालं. सगळ्यांना मी हेच सांगतो. तुलाही हेच सांगितलं होतं. भांडण झालं होतं हे खरं आहे, पण भांडणानं कोणी कॉलेज सोडत नाही. तू पदवी घेऊन अमरावतीला गेलीस आणि वाचनालयातला खिडकीजवळचा तिसरा बाक रिकामा झाला. मी आठ दिवस तो बघितला आणि नवव्या दिवशी गेलो नाही. एवढंच कारण. ठाणेदाराला हे सांगण्यात अर्थ नव्हता.

साहेब म्हणाले, "मग बीए अर्धवट सोडणाऱ्याचं हे वाक्य नाही, बाळा. हे कोणाच्या तरी डोक्यातून आलं. तुझ्या डोक्यात कोणी घातलं?"

"नळानं, साहेब."

"काय?"

"अकरा दिवस नळ उघडला की नुसती हवा निघे. त्या हवेनं घातलं."

शेजारचा शिपाई हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडून माझ्यापुढं सरकवलं. "एकशे बावन्न वाच. देशाच्या एकतेले धोका. जन्मठेपेपर्यंत जाते."

मी म्हटलं, "म्हणजे राजद्रोह? ते कलम तर सुप्रीम कोर्टानं थांबवलं होतं."

"राजद्रोह म्हणत नाहीत आता. हे नवीन आहे."

"फरक काय, साहेब?"

"फरक कोर्टात वकील सांगते. आत बसणाऱ्याले दोन्ही सारखेच लागतात."

मग त्यांनी एक टाइप केलेला कागद काढला. तो माझा जबाब होता, मी न देताच तयार झालेला. त्यात लिहिलेलं: 'सदर वाक्य मला अरसलान मोईन याने सांगितले. त्याने माझ्याकडून ते फलकावर लिहून घेतले. त्यानेच फोटो काढून प्रसारित केला. मी अजाणतेपणी त्याच्या प्रभावाखाली आलो.' खाली माझ्या सहीसाठी जागा.

"सही केली की तू साक्षीदार. नाही केली की तू आरोपी, अन् तो तर आहेच. दोन तारखेला तुमच्या ग्रामपंचायतीत शांतता समितीची बैठक आहे. तिथं सगळ्यांसमोर वाचून दाखव, माफी माग, व्हिडिओ होईल, गाव शांत होईल. विचार कर. बाप आहे ना तुले?"

आहे ना. तीच तर पंचाईत.

बाबांचं तुला माहीत आहे. नळयोजनेवर ग्रामपंचायतीचा माणूस म्हणजे माझा बाप. तेवीस वर्षं टाकी भरायची, व्हॉल्व फिरवायचा, आज या गल्लीला, उद्या त्या गल्लीला. मी फलकावर लिहिलं तेव्हा हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वाक्याच्या नादात बापच विसरलो. सगळ्या गावानं वाचलं ते असं: ग्यानबाच्या पोरानं ग्यानबाचीच काढली.

घरी आलो तर ते दारातच बसले होते. उदयसिंगभाऊ येऊन गेले होते. उदयसिंगभाऊ म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. सही बाईंची आणि बाकी सगळं यांचं, हे काय तुला सांगायला पाहिजे?

बाबा म्हणाले, "मोटारीसाठी सहा अर्ज केले मी. सहा! उदयसिंगभाऊच्या टेबलावर हायेत. तू मले इचारलं असतं तर दाखवले असते. पन तुले फलकावर चमकायचं होतं."

मी काहीतरी उलट बोललो. लिहीत नाही इथं. बाबांनी हात उचलला, मग खाली घेतला. म्हणाले, "सही कर अन् मोकळा हो, लेका. माझी साडेतीन वर्षं राह्यली नोकरीची."

काल वाशीमला कोर्टाच्या आवारात तहसीन मॅडमना भेटलो. वकील आहेत, अरसलानच्या नात्यातल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मी कागदावर लिहून दिलेलं वाक्य दोनदा वाचलं. म्हणाल्या, "सरकारले नावं ठेवणं म्हणजे देशावर हल्ला नाही. कोर्टानं हे किती वर्षांपासून सांगितलं आहे. आणि इथं तर तू सरकारलेही नाही, मोटारीले नावं ठेवली. हा खटला कोर्टात टिकणार नाही."

मी म्हटलं, मग झालं!

"झालं कसं? उभा राहू दे, पडायचं पुढं. उभा राहून पडेपर्यंत तुझी तीन-चार वर्षं जातील. आणि सही केलीस तर अरसलानची जातील, कारण मग त्यांच्याकडे साक्षीदार आहे. आज त्यांच्याकडे काय आहे? एक पिवळा कोपरा."

त्यांनी हेही विचारलं, "फोटो कोणी काढला, ते माहीत असलं तर सांग. मूळ फोटोत तुझं नाव असंल तर अरसलान आजच सुटते."

मी म्हटलं, माहीत नाही.

खोटं बोलताना मी वर कौलांकडे बघतो, असं तू एकदा म्हणाली होतीस. मॅडमनीही वर बघितलं, काय दिसतंय म्हणून. मग चष्मा डोळ्यांवर उतरवला.

स्नेहा, तुझ्या फोनमध्ये पूर्ण फोटो आहे का? फक्त एवढंच कळव. ललिताआत्याला सांग, मी तिच्याकडून विचारून घेईन.

प्रसेनजित


२९ ऑगस्ट

स्नेहा,

ललिताआत्यानं काल तुझी चिठ्ठी दिली. पदराच्या गाठीतून काढली. म्हणाली, "तिनं सांगितलं ते कर, बाबू, अन् पोरीले ह्या लफड्यात घेऊ नको. तिच्या बापाले आधीच तुझं नाव चालत नाई. म्हून तर तिनं फोटोतून तुझं नाव काटलं होतं ना."

मी म्हटलं, "काटलं?"

"मंग? बाप रोज तिचं स्टेटस पाह्यते. तुझं नाव दिसलं असतं तर अमरावतीहून फरफटत आणली असती."

म्हणजे घाईत राहिला नव्हता. बोटानं सरकवून कापलास. वाक्य ठेवलंस, मला काढलंस, आणि जे नाव उरलं ते अरसलानचं होतं.

याचा मला राग आला नाही. खरं सांगतो. आधी तर एक मिनिट बरंच वाटलं, की लपवण्याइतका तरी मी आहे कोणीतरी. तू भीतीनं केलंस, तुला काय माहीत पुढं काय होणार होतं. मी तरी कुठं बापाचा विचार केला होता? ती चूक तुझी आणि माझी सारखीच आहे. तू तुझ्या बापाला भिऊन चुकलीस आणि मी माझ्या बापाला विसरून.

पण चिठ्ठी. तू लिहिलंस: 'सही कर. माझी मुख्य परीक्षा जवळ आली आहे. माझं नाव आलं तर चारित्र्य पडताळणीत सगळं संपेल. अरसलानचं काही फार होणार नाही, त्यांना सवय असते. पत्र पाठवू नकोस.'

त्यांना सवय असते.

मी हे तीन शब्द घेऊन दिवसभर फिरलो. आपल्या आजोबांबद्दल गावातले लोक हेच म्हणत नव्हते का? नदीच्या खालच्या अंगाचं पाणी प्यायची यांना सवय असते. उन्हात उभं राहायची सवय असते. आपल्या घरांत हे ऐकत आपण मोठे झालो, तू आणि मी, आणि तूच ते उचलून दुसऱ्याला लावलंस, तेही शुद्ध भाषेत. तू उद्या फौजदार होशील. होशीलच, हुशार आहेस. तेव्हा तुझ्यासमोर असाच एखादा टाइप केलेला कागद येईल. तेव्हा काय करशील, एवढंच मला विचारायचं आहे.

अरसलानला सवय कशी असते ते ऐक. त्याला अटक केलेली नाही. रोज सकाळी दहाला बोलावतात, बाकावर बसवतात, संध्याकाळी सोडतात. काही विचारत नाहीत. नुसतं बसायचं. दुकान बंद. त्यातून शेलूबाजारच्या दुकानदारांनी आपापल्या पाट्यांवरचा त्याचा कोपरा खोडायला काढला आहे. काल ठाण्यातून सुटल्यावर तो मला रस्त्यात भेटला, हातात निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश.

"कुठं?"

"कृषी केंद्रावर. माझं नाव खोडायचं आहे."

"तूच?"

"त्यांनी बोलावलं. म्हणे, दुसऱ्यानं खोडलं तर ठिगळ दिसते, तुझा हात सफाईदार आहे." तो हसला. "शेठ चांगला आहे बे. चहा पण पाजते."

मी शिडी धरली. तो वर चढून आपलं नाव निळं करत होता, आणि खरंच, काही दिसत नव्हतं नंतर. तिथं कधी कोणाचं नाव होतं असं वाटूच नये.

वरूनच म्हणाला, "प्रसेन, मारून टाक सही."

"तुझं नाव घेऊन?"

"माझं नाव तसंही घेऊन राह्यले ना सगळे. तू एक आणखी. अब्बूले दहा दिवसांपासून झोप नाही. तुझ्या सहीनं निदान एक काय तो निकाल लागंल."

मी शिडी घट्ट धरली. तो खाली उतरला, ब्रश रॉकेलात बुडवला, आणि एकदम माझी कॉलर धरली. "अन् मी म्हटलं म्हणून खरंच मारशील ना, तर जिंदगीभर तुझं तोंड पाह्यणार नाही. समजलं?"

मग म्हणाला, "फोटो स्नेहानं काढला, मले माहीत आहे. मी दुकानातून स्टेटस पाह्यला होता. मी पण सांगितलं नाही."

दहा दिवस बाकावर बसून त्यानं तुझं नाव घेतलं नाही, स्नेहा. ज्याला सवय असते म्हणालीस, त्यानं.

मी तुझ्यावर प्रेम करायचं थांबवलेलं नाही. थांबवता आलं असतं तर आजच थांबवलं असतं, तेवढा राग आहे माझ्यात. पण यापुढं तुझी गंमत वाटावी म्हणून मी एक अक्षर लिहिणार नाही, आणि तू सांगतेस म्हणून एक अक्षर खोडणारही नाही. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. ते माझं ठरलेलं आहे, त्यात उपकार नाहीत. त्याच्यापुढं काय करायचं ते तुझं तू ठरव.

प्रसेनजित


२ सप्टेंबर

स्नेहा,

पत्र पाठवू नकोस म्हणालीस. हे पाठवतोय. तुझं मन वळवायला नाही. उद्या माझ्याबद्दल तुला कोणी काही सांगेल; त्याआधी माझ्याकडून ऐकलेलं असू दे.

बैठक अकराला होती. ग्रामपंचायतीचा हॉल गच्च. टेबलामागं ठाणेदार साहेब, शेजारी उदयसिंगभाऊ. सरपंचबाई होत्या, पण कोपऱ्यात, खुर्ची भिंतीला लावून. अरसलान आणि त्याचे अब्बू, मोईनचाचा, दाराशी उभे. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. बाबा ग्रामपंचायतीचे माणूस म्हणून सगळ्यांना पाण्याचे ग्लास देत होते. पाणी कॅनचं होतं.

उदयसिंगभाऊंनी सुरुवात केली. "प्रसेनजित आपलाच पोरगा आहे. ग्यानबाचं पोर म्हणजे आपल्या घरचं पोर. रक्त गरम आहे, संगत चुकली. एक कागद वाचंल, विषय खतम. कोणी त्याले काही बोलायचं नाही, हे मी सांगून ठेवतो."

किती मोठं मन! मला वाचवायला सगळं गाव तयार होतं. अट एकच, ते वाक्य माझं नव्हतं असं मी म्हणायचं.

एका पोरानं माझ्यासमोर मोबाइल धरला. कागद हातात दिला. मी तो वाचायला लागलो. हो, वाचला. पहिली ओळ मोठ्यानं वाचली, 'सदर वाक्य मला अरसलान मोईन याने सांगितले', आणि हॉलमध्ये लोकांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मोईनचाचा खाली बघत होते. अरसलान माझ्याकडे.

मी थांबलो. म्हटलं, "ही ओळ खोटी आहे. पुढच्या तीन पण खोट्या आहेत. म्हणून वाचत नाही."

ठाणेदार म्हणाले, "मोबाइल बंद कर रे."

मी म्हटलं, "चालू ठेव. वाक्य माझं आहे. चारदा खोडून मी ते जमवलं. अरसलाननं फक्त फलक काळा केला, एप्रिलमध्ये. त्याले तर माहीतही नव्हतं मी काय लिहिणार ते. माझं नाव खाली होतं, पूर्ण नाव होतं, आणि वस्तीतल्या शंभर माणसांनी ते वाचलं. विचारा कोणालेही."

 विचारायचं कोणाला? मी एकेका चेहऱ्याकडे बघितलं. जो तो गुडघ्याकडे बघत होता. तुझी ललिताआत्या पंख्याकडे बघत होती.

"मंग फोटो कोणी काढला?" उदयसिंगभाऊ म्हणाले. "नाव सांग. आता, सगळ्यांसमोर."

"सांगत नाही."

"सांगत नाही म्हणजे माहीत आहे."

"माहीत आहे. सांगत नाही. फोटो काढणं गुन्हा आहे का, साहेब? कोणतं कलम लागते, सांगा."

ठाणेदार शांतपणे म्हणाले, "बाळा, तू स्वतःच्या हातानं स्वतःले गाडून राह्यला. मी आज गुन्हा दाखल करीन. तुझ्या देशानं तुले बोलायचं स्वातंत्र्य दिलं, ते त्याची थट्टा करायले नाही."

मला बोलायचं नव्हतं इतकं, पण तुला माहीत आहे मी कसा आहे. म्हटलं, "साहेब, ते मले कोणी दिलं नाही. माझ्या नावावरच होतं. फलकावर मी देशाले शिवी दिली नाही, देशाले प्रश्न विचारला. घरातल्या माणसालेच विचारतात ना प्रश्न? परक्याले कोण विचारते? तुम्ही मोटार बदलली असती तर मी 'धन्यवाद' लिहिलं असतं, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. तुम्ही पुस्तक बदललं, कलमाचं नाव बदललं. मोटार तशीच आहे."

मागून कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं.

उदयसिंगभाऊ लाल झाले. ते माझ्याकडे नाही, बाबांकडे वळले. "ग्यानबा! हे तुझं पोर. तू सांग. गावात पाणी नव्हतं का? हा जगात आपली बदनामी करून राह्यला. सांग सगळ्यांले. तू टाकीवरचा माणूस आहे."

बाबांच्या हातात ट्रे होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, ग्लास सांडू नये असा हळूच. मला वाटलं, आता बाबा हात जोडतील. त्यांच्या जागी कोणीही जोडले असते. मीच त्यांना त्या जागी उभं केलं होतं, आणि ते जोडले असते तर मी काय तोंडानं बोलणार होतो?

"भाऊ," ते म्हणाले, "देशाचं मले समजत नाई. कलमाचं तर मुळीच नाई. पन पोरानं एक चुकीचं लिहिलं, ते सांगतो."

त्यांनी ओले हात सदऱ्याला पुसले.

"अकरा दिवस नाई. तेरा. मी रोज वर चढून पाह्यलं. तेरा दिवस टाकी कोरडी होती. सहा अर्ज माह्या सहीचे हायेत तुमच्या टेबलात."

 सरपंचबाईंनी पहिल्यांदा मान वर केली आणि आपल्या नवऱ्याकडे बघितलं. "कोणते अर्ज?" त्यांनी विचारलं. एवढंच. 

मग गलका झाला. कोण काय बोलत होतं काही कळत नव्हतं. उदयसिंगभाऊ बाबांना म्हणाले, उद्यापासून यायचं नाही. बाबा म्हणाले, व्हॉल्वची चावी घरी हाय, पाठवून देतो. ठाणेदारांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "चार वाजता ठाण्यात ये. स्वतः येशील का गाडी पाठवू?"

"स्वतः येतो, साहेब. वाट माहीत आहे."

मला भीती वाटत होती. तुझ्यापासून ते लपवत नाही. तेरा दिवस हे मला कसं माहीत नव्हतं याची लाजही वाटत होती. पण गेले पंधरा दिवस जो तो मला सांगत होता की हे वाक्य तुझं नाही, निदान तसं म्हण. ठाणेदार, उदयसिंगभाऊ, बाबा, तुझी चिठ्ठी. आता एकही जण तसं म्हणत नव्हता.

जबाबाचा कागद माझ्या हातातच होता. फाडावा असं फार वाटलं. पण फाडला असता तर उद्या म्हणाले असते, पुरावा नष्ट केला. मी त्याची घडी केली नाही, चुरगळला नाही. टेबलावर ठाणेदारांपुढं सरळ ठेवला, सहीची जागा वर दिसेल अशी. कोरी.

बाबांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "तू हो पुढं, मी ग्लास आवरून येतो." नोकरी गेली तरी ग्लास आवरणार माझा बाप. अरसलान आणि मोईनचाचा आधीच बाहेर पडले होते. मी दारापर्यंत गेलो. मागून उदयसिंगभाऊंचा आवाज आला, "अजून वेळ गेली नाही रे, पोरा! मागं फिर!"

मी बाहेर पाऊल टाकलं आणि मागं हात करून दार ओढलं. पावसानं फुगलेलं लाकूड, अर्ध्यात अडकलं. आतले सगळे बघत होते. मी वळलो, दोन्ही हातांनी कडी धरली आणि जोर लावून ते पूर्ण बंद केलं.